आधी यादी करा, मग पॉलिसी लिहा

प्रश्न : आमची सात जणांची कंपनी आहे. औषधाची वेळ झाली की आठवण करून देणारं ॲप आम्ही बनवलंय. पुढच्या महिन्यात ते सगळ्यांसाठी खुलं करायचं आहे आणि ॲप स्टोअरने प्रायव्हसी पॉलिसीची लिंक मागितली आहे. मी प्रॉडक्टचं काम बघते, कायद्याचं मला काही कळत नाही. आमचे संस्थापक म्हणाले, "एखाद्या मोठ्या कंपनीची पॉलिसी उचल, नाव बदल, टाकून दे. वाचतंय कोण?" मी एक उचलली. वाचायला घेतली तेव्हा लक्षात आलं की त्यातलं अर्धं आम्ही करतच नाही, आणि आम्ही करतो त्यातलं बरंच तिच्यात नाही. 'आम्ही तुमची माहिती कुणालाही विकत नाही' असं एक वाक्य आहे. विकत आम्हीही नाही, पण ॲपमध्ये बाहेरचे तीन एसडीके (दुसऱ्या कंपन्यांनी तयार करून दिलेले, ॲपमध्ये बसवायचे कोडचे तुकडे) आहेत आणि ते नेमकं काय पाठवतात हे आमच्या डेव्हलपरलाही धड सांगता आलं नाही. मी हे बोलले तर 'तू उगाच घाबरतेस' असं ऐकावं लागलं. खरंच उगाच घाबरतेय का? आणि पॉलिसी लिहायचीच तर सुरुवात कुठून करू? जन्मतारीख मागायची का, अकाउंट डिलीट केल्यावर काय होतं, काहीच ठरलेलं नाही. शिवाय पॉलिसीच्या शेवटी संपर्कासाठी माझाच ईमेल टाकायचं चाललंय. टाकू का?
— वैतागलेली प्रॉडक्टवाली

उत्तर : उगाच घाबरत नाही आहात. उचललेली पॉलिसी चिकटवण्याआधी तुम्ही ती वाचलीत, इथेच तुम्ही पुष्कळ कंपन्यांच्या पुढे गेलात.

संस्थापकांचं अर्धं म्हणणं मान्य करून टाकू, म्हणजे पुढचं बोलायला सोपं जाईल. पॉलिसी कुणी वाचत नाही, हे खरं आहे. 2008 साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोन संशोधक बायकांनी हिशोब मांडला होता : एखाद्याने वर्षभरात पाहिलेल्या प्रत्येक वेबसाइटची पॉलिसी शब्दन्‌शब्द वाचायची ठरवली, तर वर्षाचे 200 हून जास्त तास त्यातच जातील. तेव्हा हातातल्या फोनवर पन्नास-पन्नास ॲप नव्हती. पण एरवी कुणी न वाचलेली पॉलिसी काही बिघडलं की अचानक वाचली जाते, आणि तेव्हा वाचणारे असतात तक्रारदाराचा वकील, सरकारी नियामक आणि पत्रकार. ही मंडळी ओळ न् ओळ वाचतात.

तुमच्या ॲपच्या अगदी शेजारचं उदाहरण सांगते. 'फ्लो' नावाचं पाळीची नोंद ठेवणारं ॲप आहे, कोट्यवधी बायका ते वापरतात. आरोग्याची माहिती खाजगी राहील, असं कंपनीने सांगितलं होतं. प्रत्यक्षात ॲपमध्ये बसवलेले फेसबुक, गुगल वगैरेंचे एसडीके, वापरणारीने ॲपमध्ये काय केलं याच्या नोंदी बाहेर पाठवत होते. 2019 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी छापली आणि 2021 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी नियामकाने, आदेश काढला : आरोग्याची माहिती कुणाला द्यायची तर आधी स्पष्ट संमती घ्या, आणि झालं ते वापरणाऱ्यांना कळवा. कमिशनचा मुद्दा साधा होता. बोललात एक, केलंत दुसरं. कंपनीला तिच्याच शब्दांनी पकडून दिलं. उसनी पॉलिसी लावली की हा धोका आणखी वाढतो, कारण आपण कोणकोणती वचनं देऊन बसलोय हेच आपल्याला ठाऊक नसतं.

त्या प्रकरणातली एक बारीकशी गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ॲपमध्ये काही घडलं की डेव्हलपर त्या घटनेला एक नाव देतो आणि एसडीके ते नाव जसंच्या तसं पुढे पाठवतो. फ्लोमधल्या एका घटनेचं नाव 'गर्भारपणाचा आठवडा निवडला' अशा अर्थाचं होतं. हे नाव ठेवणाऱ्याने गुपित फोडायचं ठरवलं असेल असं मला वाटत नाही. कोड वाचणाऱ्याला कळावं म्हणून सुटसुटीत नाव दिलं असणार, आपण सगळे देतो तसंच. तर तुमच्या डेव्हलपरला आजच विचारा, आपल्या घटनांची नावं काय आहेत? 'रिमाइंडर लावला' असेल तर ठीक. 'इन्सुलिनचा रिमाइंडर लावला' असं असेल, तर त्या फोनच्या मालकाला मधुमेह आहे हे कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसलंय.

आता सुरुवात कुठून करायची ते. पॉलिसीची फाइल बंद करा आणि कोरी स्प्रेडशीट उघडा. रकाने सहाच : कोणती माहिती घेतो, कशासाठी, कुठे ठेवतो, कुणाकुणाला दिसते, किती दिवस ठेवतो, पुसतो कशी. मग डेव्हलपर, सपोर्टची माणसं आणि मार्केटिंग बघणारं जे कोणी असेल त्यांना एका टेबलाशी बसवा. एक रिकामा फोन घ्या, ॲप नव्याने इन्स्टॉल करा आणि अगदी नवख्या माणसासारखं वापरत चला. फोनमधून बाहेर काय जातंय हे दाखवणारी टूल्स डेव्हलपरला माहीत असतात, ती शेजारच्या स्क्रीनवर चालू ठेवा.

पहिला धक्का बहुधा पहिल्याच मिनिटात बसेल. तुम्ही अजून कुठेही बोट लावलेलं नसेल, 'मला मान्य आहे' वगैरे तर लांबच, आणि स्क्रीनवर ओळी सरकायला लागलेल्या असतील : फोनचं मॉडेल, भाषा, टाइम झोन, आयपी ॲड्रेस, जाहिरातीसाठीचा ओळख क्रमांक. हे ते तीन एसडीके. प्रत्येकाला एक ओळ द्या आणि 'कशासाठी' हा रकाना त्या डेव्हलपरकडूनच भरून घ्या. माझा अंदाज आहे की तिघांपैकी एकाचं उत्तर 'मागे कधीतरी टाकला होता, आता कुणी बघत नाही' असं येईल. तो तिथल्या तिथे काढून टाका. पॉलिसीतला एक परिच्छेद कमी झाला.

मग नोंदणीचा फॉर्म. जन्मतारीख. कशासाठी? टेबलाभोवती कुणीतरी म्हणेल, 'सगळेच मागतात'. हे कारण त्या रकान्यात लिहून पाहा, वाचताना कसं वाटतं ते कळेल. गोळीची वेळ सांगायला जन्मतारीख लागत नाही. वय जाणून घ्यायचं एक खरं कारण असू शकतं, ते म्हणजे मुलं. मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती कुठल्या वयापर्यंत घ्यावी लागते, हे देशागणिक बदलतं : अमेरिकेत 13 वर्षांखालच्यांसाठी, युरोपात मुळात 16 (तिथले देश ही मर्यादा 13 पर्यंत खाली आणू शकतात), आणि भारताच्या 2023 च्या कायद्यात थेट 18. पण त्यासाठीही जन्मसाल विचारलं तर काम भागतं. पूर्ण तारीख, लिंग आणि पिनकोडसारखा पत्ता एकत्र आला की नावाची गरजच उरत नाही. लतान्या स्वीनी या संशोधिकेने 1990 च्या जनगणनेवरून अंदाज काढला होता की एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली 87 टक्के माणसं एकमेवपणे ओळखता येतील. पुढे दुसऱ्या एका अभ्यासात हा आकडा 63 टक्क्यांवर आला. तरी निम्म्याहून जास्तच.

त्यानंतर औषधाचं नाव, म्हणजे तुमच्या ॲपचा जीव. इथे टेबलावरच्या सगळ्यांना एकच प्रश्न विचारा : हे नाव सर्व्हरवर कशाला हवंय? आठवण करून द्यायचं काम फोन स्वतः करू शकतो, इंटरनेट नसलं तरी. फोन बदलल्यावर यादी परत मिळावी किंवा मुलीला आईच्या गोळ्यांवर लांबून लक्ष ठेवता यावं, अशी सोय द्यायची असेल तर सर्व्हर लागेल, मान्य. मग ज्यांना ती सोय हवी आहे त्यांचीच यादी सर्व्हरवर न्या आणि तसं सांगून न्या. बाकीच्यांची त्यांच्या फोनमध्येच राहू द्या. या एका निर्णयाने तुमची पॉलिसी जितकी सोपी होईल तितकी कुठल्याही वकिलाच्या शब्दांनी होणार नाही. आणि हा निर्णय प्रॉडक्टचा आहे, म्हणजे तुमचा. कायदा कळत नाही म्हणून बिचकू नका.

'काळजी घेणारी व्यक्ती जोडा' असं काही फीचर असेल तर तिथे जरा थांबा. पुष्कळ ॲप त्यासाठी अख्खं फोनबुक मागतात. त्यातल्या चारशे माणसांनी तुमचं ॲप कधी पाहिलेलंही नसतं, त्यांची संमती कोण देणार? केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचं प्रकरण 2018 मध्ये गाजलं ते इथूनच आलेलं. तिच्याकडे माहिती गेली ती फेसबुकवरच्या एका प्रश्नावलीच्या ॲपमधून. ती प्रश्नावली भरणारे होते सुमारे 2,70,000 लोक. पण तेव्हाच्या नियमांनुसार ॲपला मित्रांचीही माहिती मिळायची, आणि बाधितांचा आकडा फेसबुकने स्वतःच 8 कोटी 70 लाखांपर्यंत सांगितला. तुम्हाला एकच नंबर हवा असतो. फोनची स्वतःची संपर्क निवडायची खिडकी उघडून द्या, माणूस एक नाव निवडेल, तेवढंच तुमच्याकडे येईल.

ही फेरी संपली की सगळ्यांना वाटतं झालं. झालेलं नसतं. डेटाबेसच्या बाहेर सांडलेली माहिती अजून शोधायची आहे. ॲप बंद पडल्यावर जाणाऱ्या क्रॅश रिपोर्टमध्ये औषधाचं नाव जातं का? सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या आपोआप होणाऱ्या नोंदींमध्ये, मोबाइल नंबर उघडा दिसतो का? सपोर्टला लोक स्क्रीनशॉट पाठवतात ते कुठे साठतात? मार्केटिंगवाल्याने मागच्या तिमाहीत 'फक्त एकदाच' उतरवून घेतलेली ईमेलची यादी कुणाच्या लॅपटॉपवर आहे?

हे मी एवढं खणून विचारतेय कारण एकदा तोंडावर आपटलेय. बऱ्याच वर्षांपूर्वी मी जिथे काम करत होते तिथे एका बाईंचं दोन ओळींचं पत्र आलं : माझ्याबद्दल तुमच्याकडे जे जे आहे ते मला पाठवा. आमच्या पॉलिसीत ऐटीत लिहिलं होतं, सात दिवसांत देऊ. डेटाबेसमधून त्यांची नोंद काढायला दहा मिनिटं लागली आणि आम्ही खूश. मग कुणालातरी सपोर्टची तिकिटं आठवली. मग कॉल रेकॉर्डिंग. मग नोकरी सोडून गेलेल्या एकाच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये 'फायनल नवीन 2' नावाची शीट सापडली. तिच्यात या बाईंच्या नावापुढे कुणीतरी शेरा मारून ठेवला होता : 'फार कटकट करतात'. तोही त्यांच्याबद्दलचा डेटाच. सगळं जमवून पाठवेपर्यंत तीन आठवडे गेले. पाठवायचं बटण दाबताना मला झालेली लाज अजून आठवते.

मोठ्यांचंही वेगळं नसतं. ऑस्ट्रियाच्या मॅक्स श्रेम्स यांनी 2011 मध्ये, कायद्याचे विद्यार्थी असताना, फेसबुककडे स्वतःची माहिती मागितली. मिळाली ती 1,222 पानं, आणि आपण पुसलं असं त्यांना वाटत होतं तेही त्यात होतं. युरोप-अमेरिकेतली माहितीची वाहतूक ज्या करारांवर चालत होती ते 2015 आणि 2020 मध्ये युरोपच्या न्यायालयाने रद्द केले, त्या दोन्ही खटल्यांमागे हाच माणूस.

तर आता डिलीट. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त खोटं इथे बोललं जातं, आणि बोलणाऱ्याला ते खोटं वाटतही नाही. तुमच्या डेव्हलपरला विचारा, 'अकाउंट डिलीट करा' दाबलं की नेमकं काय होतं? फार करून असं उत्तर येईल की त्या ओळीवर 'डिलीटेड' अशी खूण होते आणि ती ॲपमध्ये दिसेनाशी होते. म्हणजे माणसाला वाटतं घर पाडलं, आपण फक्त दाराला कुलूप लावलेलं असतं. ॲशली मॅडिसन या विवाहबाह्य संबंधांच्या वेबसाइटने तर पूर्ण पुसून देण्याचे 19 डॉलर वेगळे घेतले होते. 2015 मध्ये हॅकरांनी तिचा डेटा उघड्यावर टाकला, तेव्हा पैसे भरून गेलेल्यांच्या नोंदीही त्यात निघाल्या.

खूण करण्यात गैर काही नाही. चुकून दाबलं असेल तर परत येता यावं म्हणून थोडे दिवस ठेवणं सोयीचंच आहे. पण ते दिवस किती हे ठरवा, आणि ते संपले की खरोखर पुसणारी प्रक्रिया आपोआप चालली पाहिजे. कुणाला आठवलं तर पुसू, यावर सोडू नका. मग बॅकअप. एका माणसाची ओळ जुन्या बॅकअपमधून उपटून काढणं अवघड असतं, हे समजण्यासारखं आहे. बॅकअप 30 दिवसांनी मोडीत निघत असेल तर पॉलिसीत तसंच लिहा : 'बॅकअपमध्ये तुमची माहिती आणखी 30 दिवस राहते, नंतर बॅकअपच नष्ट होतो.' फक्त बॅकअपवरून डेटाबेस परत उभा करायची वेळ आली तर पुसलेली माणसं पुन्हा जिवंत होणार नाहीत, एवढं बघा. हे हमखास विसरलं जातं. पैसे घेत असाल तर पावत्यांसारख्या काही नोंदी कायद्याने ठेवाव्या लागतात, त्याही सांगून ठेवा. आणि ज्या बाहेरच्या कंपन्यांकडे माहिती गेली आहे, त्यांच्याकडून कशी पुसून घेणार? त्यांच्याशी केलेल्या करारात हे नसेल तर तुमच्या डिलीट बटणाची हद्द तुमच्या सर्व्हरच्या दाराशीच संपते.

'नाव काढून टाकलं की झालं' असंही कुणीतरी म्हणेल. 2006 मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी सुमारे 6,50,000 लोकांचे तीन महिन्यांतले सर्च खुले केले होते. नावांच्या जागी नंबर टाकले होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी 4417749 या नंबरच्या बाई काय काय शोधत होत्या ते वाचलं आणि थेट त्यांच्या घरी जाऊन पोचले. सर्चचं हे, तर रोज सकाळी सातला कोणत्या चार गोळ्या घेतल्या जातात त्या यादीचं काय होईल?

'विकत नाही' या तुमच्या वाक्याकडे येते. तुम्हाला ते खटकलं हे बरोबर आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात 'विकणं' म्हणजे फक्त पैसे घेणं असं धरलेलं नाही, मोबदल्यात दुसरा काही फायदा झाला तरी ते त्यात येऊ शकतं. 2022 मध्ये सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने याच मुद्द्यावर 12 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं : ग्राहकांची माहिती बाहेरच्या ट्रॅकिंग कंपन्यांना मिळत होती, बदल्यात कंपनीला विश्लेषण आणि जाहिरातीचा फायदा मिळत होता, आणि आम्ही विकत नाही असं मात्र सांगितलं जात होतं. तेव्हा 'विकत नाही' हे वाक्य वापरूच नका. कुणाला देता, काय देता, कशासाठी देता, ते नावानिशी लिहा.

'कशासाठी' हा रकाना एकदा भरला की त्याला बांधील राहायचं, हे संस्थापकांना नीट समजावून सांगा, कारण हा नियम मोडला जातो तो तिथेच. ही कल्पना जुनी आहे, ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या 1980 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ती आहे : ज्या कामासाठी घेतलं त्याच कामासाठी वापरा. ट्विटरने खात्याच्या सुरक्षेसाठी म्हणून लोकांचे फोन नंबर आणि ईमेल घेतले आणि जाहिराती नेमक्या पोचवायला वापरले. 2022 मध्ये 15 कोटी डॉलरचा दंड झाला. तुमच्याकडे सहा महिन्यांनी एखादी औषध कंपनी येईल आणि म्हणेल, फक्त आकडेवारी द्या हो, नावं नकोत. त्या दिवशी उत्तर शोधत बसण्यापेक्षा आजच ठरवून ठेवा.

संमतीचं थोडक्यात. आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, असं युरोपच्या न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलंय. हो म्हणायला जितकं सोपं तितकंच नाही म्हणायला असावं. कुकी (वेबसाइट आपल्याला ओळखायला ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या फाइल) नाकारणं स्वीकारण्याइतकं सोपं ठेवलं नाही म्हणून फ्रान्सच्या नियामकाने गुगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरो दंड लावला होता. तुमच्या ॲपमध्ये परवानग्या पहिल्याच पडद्यावर ढीगभर मागू नका. ज्या क्षणी लागेल त्या क्षणी मागा, म्हणजे माणसाला कारण समोर दिसतं. नाही म्हटलं तर बाकीचं ॲप चाललं पाहिजे.

कायद्यांबद्दल एवढंच लक्षात ठेवा की कंपनी कुठे आहे यापेक्षा वापरणारे कुठे आहेत याला जास्त महत्त्व असतं. युरोपातल्या लोकांना सेवा देणार असाल तर 25 मे 2018 पासून लागू असलेला जीडीपीआर, म्हणजे युरोपचा माहिती संरक्षणाचा कायदा, तुम्हालाही लागतो. त्यात आरोग्याची माहिती विशेष जपायच्या वर्गात आहे, माहिती मागणाऱ्याला साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं, माहिती फुटली आणि लोकांना त्यापासून धोका असेल तर कळल्यापासून 72 तासांत नियामकाला सांगावं लागतं, आणि दंड जगभरातल्या उलाढालीच्या 4 टक्के किंवा 2 कोटी युरो, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. वकील लागेलच. पण कोऱ्या कागदाने वकिलाकडे गेलात तर तेही तुम्हाला कुणाची तरी पॉलिसीच चिकटवतील, फी घेऊन. ही स्प्रेडशीट घेऊन जा.

एवढं झालं की पॉलिसी लिहायला एक दुपार पुरते, कारण प्रत्येक ओळीचं एक वाक्य करायचं असतं. 'आपला अनुभव अधिक समृद्ध करण्याच्या हेतूने आम्ही वेळोवेळी आपणाशी संबंधित काही माहिती संकलित करू शकतो', असली वाक्यं लिहू नका. यातून कुणाला काय कळलं? असं लिहा : 'तुम्ही लिहिलेली औषधांची नावं तुमच्या फोनमध्येच राहतात. तुम्ही कुटुंबातल्या कुणाला जोडलंत तरच ती आमच्या सर्व्हरवर येतात, आणि तेव्हा ती तुम्ही जोडलेल्या माणसाला दिसतात. आमच्या कंपनीत ती उघडण्याचा अधिकार दोघांना आहे.' शेवटचं वाक्य लिहिताना तुमच्या लक्षात येईल की सध्या तो अधिकार सातही जणांना आहे. मग आधी ते दुरुस्त करा, नंतर वाक्य लिहा. आणि भाषा ॲपची असेल तीच पॉलिसीची ठेवा. ॲप मराठीत आणि पॉलिसी इंग्रजीत, हा प्रकार मला नेहमी संशयास्पद वाटतो. भारताच्या कायद्यात तर ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय माणसाला द्यावा, असं म्हटलंय.

संस्थापकांशी कसं बोलायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. तत्त्वाचं बोलू नका. लॉन्च अडेल असं बोला. ॲपलने डिसेंबर 2020 पासून आणि गुगल प्लेने 2022 पासून प्रत्येक ॲपसाठी वेगळा तक्ता भरून घ्यायला सुरुवात केली आहे : कोणती माहिती घेता, कुणाला देता, कशाशी जोडता. एसडीके काय पाठवतात तेही त्यात सांगावं लागतं. खोटं भरलं तर ॲप काढलं जाऊ शकतं. ॲपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते ॲपमधूनच डिलीट करता आलं पाहिजे, ही ॲपलची अट जून 2022 अखेरपासून आहे. म्हणजे ती यादी तुम्हाला तशीही करावीच लागणार आहे. हा तक्ता उघडा, संस्थापकांच्या समोर ठेवा आणि म्हणा, 'यातलं मला येत नाही ते तुम्ही भरा.' बहुतेक तिथेच डेव्हलपरला हाक मारली जाईल.

आणि तुमचा ईमेल? टाकू नका. प्रायव्हसीसाठी वेगळा मेलबॉक्स काढा, तो तुमच्यासह आणखी एकाला वाचता यावा, आणि आलेल्या प्रत्येक मेलवर तारीख पडावी. तुम्ही रजेवर गेलात किंवा नोकरी बदललीत तरी त्या बाईंच्या दोन ओळींच्या पत्राची मुदत चालूच राहते.